दुपारी दोन वीसचा आवाज

१

लॅपटॉप चालू होत होता. बाई सुरू होत नव्हत्या.

शनिवारी सकाळी मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ढकललं न ढकललं तोच एक माणूस खालून वाकून आत आला. पस्तिशीचा असेल. लॅपटॉप छातीशी असा धरला होता की जणू कुणी हिसकावून घेईल.

"आईचा आवाज गेलाय," तो म्हणाला.

"मग घशाच्या डॉक्टरकडे जा. मी स्क्रू पिळते." माझं तोंड असंच आहे, सकाळी तर फारच. उगाच नाही सगळे मला स्क्रूताई म्हणत.

तो हसला नाही. "घशाच्या डॉक्टरांनी तो पाच महिन्यांपूर्वीच काढला, ताई. उरलेला यात होता."

मी स्टूल पुढे सरकवलं.

हकीगत अशी. आईला घशाचा कॅन्सर. ऑपरेशनच्या आधी चार दिवस तिने माइकसमोर बसून बाराशे वाक्यं वाचली होती. त्यातून एका प्रोग्रॅमने तिचा आवाज तयार केला. ती एका बोटाने टाइप करायची आणि लॅपटॉप तिच्याच आवाजात बोलायचा. पण प्रोग्रॅम जुनाट, नव्या लॅपटॉपवर चालेना. म्हणून या चिरंजीवांनी लॅपटॉपच्या आत एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं. म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. मी गिऱ्हाइकांना पोटभाडेकरू म्हणून सांगते: घर लॅपटॉपचं, चूल वेगळी. जुना प्रोग्रॅम त्या पोटभाडेकरूकडे सुखाने नांदत होता.

मंगळवारी सकाळी तो भाडेकरू दार उघडेना.

"दुसरं काही वापरता येत नाही का? फोन बोलतो की आजकाल."

"दिला होता. तिने एकदाच टाइप केलं, ‘माझ्या जगण्यामरण्याचं ही परकी बाई सांगणार नाही,’ आणि फोन फेकून दिला. तेव्हापासून गप्प आहे." तो पुढे म्हणाला, "सोमवारी दहा वाजता तीन डॉक्टर तिच्याशी बोलणार आहेत. पुढचे उपचार घ्यायचे की थांबायचं, हे त्यांना तिच्या तोंडून ऐकायचंय. तिलाही तसंच सांगायचंय."

"काय करायची आई?"

"शाळेत होती. भूगोल शिकवायची."

कुठली शाळा तेही त्याने सांगितलं आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अहो, त्या माझ्याच बाई होत्या. सातवीत मी नकाशा उलटा धरला म्हणून साऱ्या वर्गासमोर खणखणीत आवाजात माझी बिनपाण्याने केली होती त्यांनी. तो आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत जायचा.

मी लॅपटॉप उघडला. भाडेकरूला हाक मारली. लगेच सूचना आली: व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. म्हणजे पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाचीच परवानगी नाही. ही परवानगी लॅपटॉपच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये असते, आपोआप सहसा जात नाही.

मग माझं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. दहा वर्षांपूर्वीची.

"याला इंटरनेट नाही?"

"नाही. जुनी सिस्टिम आहे, म्हणून मुद्दाम तोडलंय."

"आणि चार-पाच दिवस चार्जिंगलाही लावला नव्हता."

तो चमकला. "मावशीने कपाटात बंद करून ठेवला होता. तुम्हाला कसं कळलं?"

"आतला बटणाएवढा सेल मेलाय. मोठी बॅटरीही उतरली की लॅपटॉप सगळं विसरतो, तारीखसुद्धा. ही परवानगीही त्यातच गेली. कुणी मुद्दाम केलेलं नाही."

नवा सेल घातला, तारीख लावली, सेटिंग चालू केलं. पाच मिनिटांचं काम. चिरंजीवाच्या चेहऱ्यावर रंग आला. मी पुन्हा हाक मारली.

या वेळी सूचना वेगळी होती. डिस्कचा दुसरा तुकडा सापडत नाही.

"कुणी नेलाय का यातलं काही?" मी विचारलं.

२

सांगायला सोपं आहे. पोटभाडेकरूचं सगळं सामान एका मोठ्या फाइलमध्ये असतं. चिरंजीवांनी सुरुवातीला, कोरं असतानाच, त्याचा एक फोटो काढून ठेवला होता, काही बिघडलं तर मागे जायला. असा फोटो काढला की पुढचं सगळं सामान दुसऱ्या फाइलमध्ये साठतं. पहिली फाइल जागेवर होती, रिकाम्या खोलीसारखी. प्रोग्रॅम, बाराशे वाक्यं, आवाज, सगळं दुसरीत. आणि दुसरी नव्हती.

"दुसरी प्रत?"

तो फरशीकडे बघायला लागला.

"अरे, शिकलेला माणूस ना तू! आईचा आवाज एकाच ठिकाणी ठेवलास?"

"वाटलं, करू निवांत," तो पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी तोंड आवरलं.

कचऱ्याची टोपली रिकामी. मी लॅपटॉपची डायरी उघडली. लोकांना ठाऊक नसतं, पण प्रत्येक लॅपटॉप मूग गिळून सगळं लिहीत असतो: कधी उठलो, काय चालवलं, काय खुपसलं. मंगळवारी सकाळी भाडेकरूला तीनदा हाक, तिन्ही वेळा तुकडा सापडत नाही. तारीख बरोबर. म्हणजे तुकडा आधी गेला आणि कपाटातला मुक्काम नंतर. मावशी त्यातून सुटल्या.

त्याच्या आदला दिवस, सोमवार. दुपारी दोन वीसला भाडेकरू सुरू, दहा मिनिटांनी बंद. दोन पस्तीसला एक पेन ड्राइव्ह खुपसला, दोन पंचावन्नला काढला.

मी आणखी मागे गेले. शनिवारी दोन वीस. शुक्रवारी दोन वीस. बुधवारी दोन वीस. तीन आठवडे तेच. फक्त गुरुवारी आणि रविवारी काही नाही.

"दुपारी आई काय बोलायची रोज?"

"दुपारी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "दोन ते चार ती गोळीच्या गुंगीत असते, ताई. गाढ झोपलेली."

तीन आठवडे दुपारी दोन वीसला झोपलेल्या बाईचा आवाज कुणीतरी वापरत होतं.

३

मी शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर निघाले. गिऱ्हाइकांच्या घरी मी जात नाही, पण बाईंचं घर म्हटल्यावर इलाज नव्हता.

तिसरा मजला, लांबलचक गॅलरी, वाळत टाकलेल्या चादरी. आत औषधांचा वास. फ्रिजवर गोळ्यांचं वेळापत्रक, पट्टीने रेघा मारलेलं, अक्षर मोत्यासारखं.

बाई खिडकीपाशी उशांना टेकून होत्या. गळ्याभोवती सुती रुमाल. एवढ्याशा झाल्या होत्या. मला वाटलं, काय ओळखतील! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही हातांत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि हात उलटे फिरवले. नकाशा. मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडूही. मी म्हटलं, "बाई, आता सरळ धरते." त्यांनी मान हलवली, विश्वास नसल्यासारखी.

मावशींना मी स्वयंपाकघरात गाठलं. बाईंच्या धाकट्या बहिणी, तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट. दोन्ही कानांत मशीन, आणि बोलणं असं की खालच्या मजल्यावर कळावं.

"हो, मीच कोंडला तो लॅपटॉप! किल्ली कमरेला लावली. मंगळवारी तो बंद पडला आणि अक्का अशी रडली, आवाज न करता, मला बघवेना. म्हटलं, जळलं ते यंत्र, डोळ्यांसमोर नको."

"तुम्हाला ते आवडत नव्हतंच म्हणे."

"नाहीच आवडत! अक्का समोर ओठ मिटून बसलेली आणि तिचा आवाज डब्यातून येतोय. अंगावर काटा यायचा." मग त्यांनी भांडं खाली ठेवलं. "पण गेल्यावर कळलं गं. ते पण बंद झालं तर घरात काय उरलं?"

"दुपारी तुम्ही कुठे असता?"

"इथेच, अक्काच्या पलंगाशी खुर्ची टाकून. कुठ्ठे जात नाही मी. दुपारी टाचणी पडली तरी तिची गुंगी उतरते, मग संध्याकाळपर्यंत डोकं दुखतं तिचं."

"आणि लॅपटॉप?"

"मागच्या खोलीत असायचा चार्जिंगला. माझ्या भावजींच्या टेबलावर."

मी जायला वळले तशी त्या म्हणाल्या, "फार वाईट वेळेला गेला बघ. रविवारीच हा पोरगा म्हणाला होता, आई आजवर जे जे बोलली ते त्या प्रोग्रॅमच्या यादीत आहे, पुढच्या रविवारी सगळं छापून त्याची वही करतो. अक्का किती खूश झाली होती!"

"ऐकायला कोण कोण होतं?"

"आम्ही चौघंच. अजून कोण असणार?"

४

मागच्या खोलीत बाईंचे यजमान बसले होते. सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर होते, सगळे अजून त्यांना रेकॉर्डसाहेब म्हणतात. खोली बघून मी थक्क झाले. बिलं, रिपोर्ट, एक्सरे, सगळ्याला पुठ्ठे, पुठ्ठ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. नुसत्या खिळ्यांच्या डबीवरसुद्धा ‘खिळे, लहान’.

"बसा," ते म्हणाले. "दुरुस्त होईल ना?"

"बघते. तुम्ही वापरता का हे?"

"मी? छे. मी त्याला हातही लावत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "मला तो आवाज ऐकवत नाही."

भिंतीवर खुंटीला हेडफोन लटकत होता.

"तो जुन्या गाण्यांचा," ते घाईने म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

"दुपारी काय करता?"

"वाचतो. पडतो जरा."

"रोज?"

"गुरुवारी हॉस्पिटलात जातो, औषधांची रांग असते. बारालाच निघावं लागतं. रविवारी मुलगा येतो, मग आम्ही दोघं इथे बसून बोलतो, ती उठेपर्यंत."

सगळं शांतपणे सांगितलं त्यांनी. पण चष्मा मात्र पुन्हा पुसायला घेतला होता.

मी उठले, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. बाईंच्या नवऱ्याला चार लोकांत उभं करायची माझी हिंमत नव्हती. आणि राग इतका आला होता की मोठ्याने बोलले असते तर पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं असतं.

५

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही रेकॉर्डवाले. मी नोंदी वाचते, चुकलं तर सांगा.

"तीन आठवडे दुपारी दोन वीसला कुणीतरी हा आवाज ऐकत होतं. तुमचा मुलगा नाही. तो फक्त रविवारी येतो आणि रविवारी काही झालेलंच नाही. शिवाय त्याला तुकडा हवा असता तर त्याने नक्कल केली असती, एवढी अक्कल आहे त्याला. मावशी नाहीत. टाचणी पडली तरी बाई जाग्या होतात म्हणजे ऐकणारा हेडफोन लावूनच ऐकत होता, आणि मावशींच्या दोन्ही कानांत मशीन आहे. त्या गुरुवारी कुठे जातही नाहीत, मग गुरुवारच का चुकावा? गुरुवारी बाहेर जाणारं माणूस या घरात एकच आहे."

ते खिडकीबाहेर बघत होते.

"आता तुकडा. मला आधी वाटलं, कुणीतरी पुसून टाकला. पण पुसायला पेन ड्राइव्ह लागत नाही, एक बटण दाबलं की झालं. सोमवारी तो वीस मिनिटं लावलेला होता. एवढी मोठी फाइल उचलून दुसरीकडे ठेवायला साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणजे नेणाऱ्याला ती नकोशी होती, पण फाडवेना. असा माणूस मी एकच पाहिलाय. तुमच्या या खोलीत एक कागद फाडलेला नाही, साहेब. तुम्ही फाडत नाही. तुम्ही दुसऱ्या कपाटात ठेवता."

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला. खरं सांगते, मला रडावं की हसावं कळेना. त्याच्यावरही चिठ्ठी होती. तारीख, वार.

"मला वाटलं, एवढाच भाग निघेल," ते म्हणाले. "आमच्या रेकॉर्डरूममध्ये गठ्ठे असायचे, जुने खाली, नवे वर. वरचा काढला तरी खालचे जागेवरच राहतात. इथेही दोनच फाइली होत्या, एक पाच महिन्यांपूर्वीची, एक त्याच दिवसाची. म्हटलं, वरची म्हणजे अलीकडचे दिवस. तेवढी काढली तर माझ्या ओळी जातील, तिचा आवाज खाली राहील."

"तुमच्या ओळी?"

त्यांनी खण परत लावला.

"तिचा घसा बसायला लागला तेव्हा तिने तपासायची वेळ घेतली होती. त्याच दिवशी माझा निवृत्तीचा समारंभ. मी परस्पर फोन करून वेळ रद्द केली. तिला म्हटलं, वर्गात ओरडून बसलाय घसा, गुळण्या कर. पुढे सात महिने गेले." त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. नंतर बोलायला आवाजच नव्हता. मग मी... मी दुपारी तिच्या आवाजात एक ओळ टाइप करायचो. ‘तुमची चूक नव्हती.’ ऐकायचो. आणि बंद करायचो."

"आणि मुलगा सगळी यादी छापणार म्हणाला."

"हो. मंगळवारी ते सुरू झालं नाही तेव्हा कळलं काय करून बसलो ते. लगेच परत ठेवणार होतो, तर मेहुणीने लॅपटॉप कपाटात घातला. किल्ली मागितली असती तर कशाला म्हणून विचारलं असतं. चार दिवस तिचं तोंड बघतोय मी. चार दिवस खण उघडतोय आणि लावतोय."

माझा राग कुठल्या कुठे गेला होता, त्याचाही मला राग आला.

"ताई," ते एकदम हात जोडून म्हणाले, "आवाज तिला द्या. फक्त त्या पंधरा ओळी पुसा. तुम्हाला जमेल. कुणाला कळणार नाही."

जमलं असतं. दोन मिनिटांचं काम. मी त्या माणसाकडे पाहिलं आणि मनात आलंही, काय बिघडतं? मग बाईंचं ते मान हलवणं आठवलं.

"नाही, साहेब. त्यांचा आवाज आहे. त्यातून काय निघालं ते त्यांना कळायलाच हवं. मी सांगणार नाही, तुमच्या मुलालाही नाही. पण पुसणारही नाही. दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

६

फाइल परत जागेवर बसायला वीस मिनिटं लागली. मी लगोलग तिच्या दोन प्रती केल्या, एक चिरंजीवाच्या हातात कोंबली, एक माझ्या पिशवीत टाकली. मग लॅपटॉप बाईंच्या मांडीवर ठेवून भाडेकरूला हाक मारली. जुनी निळी खिडकी उघडली. प्रोग्रॅम आला. खाली कर्सर लुकलुकत होता.

चिरंजीव हुंदका देत हसला. मावशींनी पदराने नाक पुसलं. "बोल गं अक्का, काहीतरी बोल!"

बाईंनी बोट उचललं. तेवढ्यात रेकॉर्डसाहेब दारातून आत आले.

"थांब," ते म्हणाले. "आधी हे बघ."

त्यांनी स्वतः वाकून यादीचं बटण दाबलं. मला वाटलं नव्हतं ते असं करतील. पडद्यावर तारखांखाली तारखा, आणि प्रत्येकीपुढे दोन वीस, तीच ओळ. पंधरा वेळा. त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, रद्द केलेल्या वेळेपासून पेन ड्राइव्हपर्यंत. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, तुम्ही?" एवढंच तो म्हणाला. मावशी तोंडावर हात धरून भिंतीला टेकल्या.

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मुलांचे पेपर तपासताना वाचायच्या तशी, एक ओळ न गाळता. मग ती बंद केली आणि एका बोटाने टाइप करायला लागल्या. फार वेळ लागला. कुणी जागचं हललं नाही.

मग तो आवाज आला. तोच, खणखणीत, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा.

"चूक तुमचीच होती."

साहेबांनी पलंगाचा दांडा धरला. बाई टाइप करतच होत्या.

"फोन मी खोलीतूनच ऐकला होता. मला वाटलं, तुमचा समारंभ होऊ दे, मग पुन्हा वेळ घेऊ. मीही घेतली नाही. पण पहिली चूक तुमची. माझ्या तोंडात भलतं वाक्य घालू नका."

"नाही घालणार," ते म्हणाले.

पुन्हा बोट, पुन्हा थांबणं. बाईंनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं आणि वाक्य पुरं केलं.

"सोमवारी मी डॉक्टरांना नको म्हणणार आहे. शेजारी बसून रडलात तर मला बोलता येणार नाही. रडायचं असेल तर आज रडून घ्या."

ते पलंगावर बसले आणि बाईंच्या पायांवर डोकं ठेवून रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. मावशीही रडल्या. चिरंजीव गॅलरीत जाऊन उभा राहिला. बाईंनी एक हात नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला होता आणि दुसऱ्याने डोळे झाकले होते. मी मात्र खाली मान घालून लॅपटॉपचे स्क्रू आवळत बसले. ते आधीच घट्ट होते.